तीन प्रती

पहिली प्रत टेपवरची.
कॅम्पातल्या माझ्या लायब्ररीत सतरा वर्षं
'युद्ध, परदेशी' लिहिलेल्या फळीवर उभी.
भाडं दिवसाला दहा, नेणारा एकच:
लुमाण्णा कडोलकर.
त्याचे वडील मराठा पलटणीतून इटलीला गेले,
एक कान तिकडंच ठेवून आले,
आणि त्या देशाबद्दल जन्मात एवढंच बोलले,
'चिखुल. आपल्यापेक्षा लई.'

दुसरी शहापुरात, फुटपाथवर,
चाळीस रुपयांची डीव्हीडी, कव्हर भलत्याच सिनेमाचं.
तिच्यात चित्र दोन्हीकडून छाटलेलं.
सैनिक नदीत उतरतात
आणि नदीला दुसरा काठच नाही.

तिसरी परवा आली, बोलोन्याहून,
लुमाण्णाच्या नातीनं पाठवलेली.
जाड डबा, आत पुस्तिका:
निगेटिव्ह कुठल्या तळघरात सापडलं,
किती जणांनी किती महिने बसून ओरखडे पुसले.

मग आम्ही दोघं, पडदे ओढून, भर दुपारी.
टेपचं मशीन बंद, पण ती पाठ आहे.

टेपमध्ये आभाळातून एक पांढरी रेघ सतत पडायची.
आम्हाला वाटायचं, टेलिफोनची तार;
कुणीतरी कापणार, मग गोष्ट पुढं सरकणार.
नव्यात रेघ नाही.
गोष्ट तरीही सरकली.
जरा लागलं.

डीव्हीडीत खेचर अर्धं.
नव्यात तीन, आणि डाव्या कडेला
त्यांचे दोर धरून एक माणूस, खांद्यावर घोंगडी,
बघायला नको तिथं, थेट कॅमेऱ्यात बघणारा.
'ह्यो इतकी वर्सं कुठं होता की?'
लुमाण्णानं मला असं विचारलं
जसं काही मीच त्याला भाड्यानं दिला होता.

गावाच्या वेशीवर पाटी, पाटीला फासलेलं काळं.
जुन्यात तो डाग समजून
मी टेपचं हेड स्पिरिटनं पुसायचो.
नव्यात ब्रशाचे फराटे दिसतात,
फराट्यांखालचं अर्धं अक्षरही.
पुस्तिकेत त्यावर लांब टीप आहे.
बेळगावात ती कशाला वाचायची.

खड्ड्यातला जखमी काहीतरी बोलतो.
जुन्या ओळी म्हणतात, 'भावा, पाणी दे.'
नव्या म्हणतात, 'इथलं पाणी पिऊ नको.'
'खरं काय म्हणूलाय त्यो?'
म्हणून फादर मस्कारेन्यसना बोलावलं, रोमला सहा वर्षं राहिलेले.
त्यांनी आधी ऐकलं, मग आवाज बंद करायला सांगितला,
ओठांशी नाक नेऊन पाहिलं.
'आवाज मागाहून घातलाय. दुसऱ्याच कुणाचा.
हा नुसते आकडे मोजतोय.
सत्तावीस, अठ्ठावीस.'
आणि चहा न घेता गेले.

राहिला चिखल.
टेपमध्ये तांबूस, आपल्या विटभट्टीचा.
डीव्हीडीत शेवाळी.
नव्यात निळसर, थंड, बघताना पाय आखडावेत असा.
यातला लुमाण्णाच्या वडिलांच्या बुटांना लागलेला कोणता,
हे विचारायचं त्या कानात,
तो एक धड कानही आता नाही.

लुमाण्णाच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला.
डावा अजून पिकतोय.
त्यानं चित्र थांबवायला लावलं,
तळहातानं उजवा झाकला.
'आता टेप.'
मग डावा झाकला.
'आता इटली.'
पुन्हा टेप. पुन्हा इटली.
बराच वेळ तो पोरासारखा हात बदलत राहिला
आणि पडद्यावरचा घोंगडीवाला
दोन्ही वेळा त्याच्याकडंच बघत होता.

'डाव्याची तारीख अठरा,' तो म्हणाला.
'त्याच्या आत एकदा टेप लाव की रे.'

मशीनचा पट्टा तुटलाय.
खडेबाजारात इरण्णाकडं असला तर असेल.
त्याचं दुकान अकराला उघडतं.